तेलावरची झिलई

१

वैद्यलिंगम आसारीचा दिवस तेलाने सुरू व्हायचा. आंघोळ, कपाळाला विभूती, पितळी पेल्यातली कापी म्हणजे कॉफी, आणि मग मागच्या पडवीत तेलाची वाटी. तिळाचं तेल, कोमट केलेलं.

पडवीच्या वाशांना सुतळीने नायनमं टांगलेली असायची. काही नवी, काही दुरुस्तीला आलेली. बाहेरची माणसं त्याला नादस्वरम म्हणतात. कावेरीच्या कालव्याकाठच्या या गावात मात्र जो ते घडवतो आणि जो ते वाजवतो, दोघंही नायनमच म्हणतात. दोन हात लांब काळं लाकूड, खाली कर्णा, वर फुंकायची पात. वैद्यलिंगम एकेक उतरवायचा, मांडीवर आडवं घ्यायचा, चिंधीने बाहेरून तेल द्यायचा, मग लांब काडीला गुंडाळलेल्या बोळ्याने आतून. चोळायचं, जिरू द्यायचं, पुसायचं. तेलाशिवाय दुसरं काही त्याने जन्मात लाकडाला लावलं नव्हतं. वॉर्निश नाही, लाख नाही. बापाने लावलं नाही म्हणून त्याने लावलं नाही.

घराची आणखी एक रीत होती. वाजवणारा गेला की त्याचं नायनम घडवणाऱ्याच्या घरी परत यायचं. पात काढायची, दोन्ही तोंडं मोकळी ठेवायची आणि पडवीत उभं टांगायचं. आतली ओल निघून जाईपर्यंत नुसतं तेल. तोवर त्याला कोणी तोंड लावायचं नाही. जन्मभर फुंकलेलं लाकूड, ओल मुरलेली असते, घाई केली तर चिरतं. बापाने एवढंच कारण सांगितलं होतं. वैद्यलिंगमने जास्त विचारलं नव्हतं.

तिरुमेणी पिळ्ळैचं दिवसकार्य उरकलं आणि त्याचा मुलगा सोमास्कंदन बापाचं नायनम घेऊन आला. रेशमी धोतरात गुंडाळलेलं.

"मामा, बरं आहे ना?"

"बस." वैद्यलिंगमने धोतर सोडलं. हे लाकूड त्याने स्वतः कातलं होतं. मिशीही फुटली नव्हती तेव्हा. एका पडलेल्या घराची जुनी तुळई होती ती. त्याच्या हातचं पहिलं नीट सुरात लागलेलं नायनम. "टांगतो. पोंगल झाला की ये."

"एवढा वेळ कुठला, मामा? पुढच्या आठवड्यात देवळाचा रथ आहे. अप्पांच्या जागी मला उभं केलंय."

"तुझं स्वतःचं आहे की."

"अप्पांच्या जागी उभं राहायचं तर अप्पांचंच पाहिजे. पण असं नको." सोमास्कंदनने लाकडावर नख वाजवलं. "चकचकीत करून द्या. हल्ली सगळ्यांची कशी असतात, दिव्याखाली आरशासारखी. बाजूचा आरसा घेऊन उभा राहणार आणि मी मुसळ घेऊन."

दारात सोर्णम कापी घेऊन आली होती. ती तिथेच थांबली. नवऱ्याचा जबडा कसा आवळला गेला ते तिने पाहिलं.

तो शब्द तिरुमेणीचा होता.

दोघं एका गल्लीत वाढले होते. एक लाकूड कातायला बसला, दुसरा फुंकायला. आणि एका उत्सवात, देवळाच्या भर प्राकारात, तिरुमेणी तोंडात पान घोळवत म्हणाला होता, "आमच्या आसारीचं लाकूड गातं झकास. पण दिसतं बघा कसं. उखळातून उचलून आणलेलं मुसळ!" लोक हसले. तिरुमेणीही हसला. वैद्यलिंगमने पंचा खांद्यावर टाकला आणि घरी आला. त्यानंतर त्याच्याशी शब्द नाही. तिरुमेणी गल्लीतून जाताना दारासमोर पावलं सावकाश टाकायचा, खाकरायचा. वैद्यलिंगम लेथ सुरू करायचा. पुढे तिरुमेणी अंथरुणाला खिळला, येऊन जा म्हणून निरोप आला. पुन्हा आला. काम आहे, असं वैद्यलिंगमने सांगितलं. काम होतंही.

तिरुमेणीला काय बोलायचं होतं, ते आता कळणार नव्हतं.

"मुसळ," वैद्यलिंगम म्हणाला. "हा तुझ्या बापाचा शब्द."

"अप्पा म्हणायचेच की."

"ठेव. असं करून देतो, की तुझा बाप असता तर त्यात बघून भांग पाडला असता."

सोमास्कंदन गेल्यावर सोर्णमने पेला खाली ठेवला. "अहो, ओल आहे अजून त्यात."

"मला शिकवू नकोस."

"मी कुठली शिकवणार? जन्मभर तुम्ही जे सांगत आलात तेच सांगतेय."

२

कुंभकोणमहून त्याने स्पिरिट आणलं, चपडी लाख आणली, चकचकीत वॉर्निशचा डबा आणला. स्वतः कधी वापरलं नसलं तरी दुसऱ्यांना करताना पाहिलं होतं. त्यात कठीण काही नव्हतं. तेल निघायला हवं, एवढंच. तेलावर झिलई धरत नाही.

स्पिरिटच्या चिंधीने पुसलं. चिंधी काळी झाली. दुसरी घेतली, तीही काळी झाली. चिंध्या स्वच्छ निघेस्तोवर पुसलं, काचपेपर मारला, फुंकून धूळ उडवली. मग चपडीचा पहिला पातळ हात दिला आणि नायनम सावलीत टांगलं.

सकाळी लाकडावर घाम आला होता.

कपाळावर येतात तसे बारीक थेंब. लाख फोडून तेल वर आलं होतं. जन्मभर प्यालंय, एका दिवसात कसं देईल, असं म्हणत वैद्यलिंगमने ते खरवडलं, पुन्हा पुसलं, पुन्हा हात दिला. दुसऱ्या सकाळी पुन्हा थेंब. या वेळी त्याने चष्मा लावून पाहिलं. थेंब सगळीकडे नव्हते. भोकांच्या कडेला होते, जिथे बोटं टेकतात. आणि वर, ओठांजवळ. बाकी लाकूड कोरडं.

यात नवल नाही, त्याने स्वतःला समजावलं. हाताचं आणि तोंडाचं तेलही लाकूड पितं. जिथे जास्त लागलं, तिथून जास्त येणार.

त्याने एक थेंब बोटावर घेतला आणि हुंगला. तिळाचा वास नव्हता. कात, लवंग, विड्याचं पान. तिरुमेणी जवळून गेला की यायचा तो वास.

त्याने बोट धोतराला पुसलं. पुसत राहिला.

बाहेरून कितीही पुसलं तरी तेल आतून येतंय, हे त्याला पटलं. मग आतूनच बंद करायचं. हे त्याच्या बापाने केलं नसतं. गावात कोणीही केलं नसतं. नायनमच्या पोटात तेलाखेरीज काही जात नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण तो हट्टाला पेटला होता. काडीला कापड गुंडाळून, लाखेत बुडवून, त्याने ती या तोंडातून त्या तोंडापर्यंत फिरवली. वाळल्यावर पुन्हा फिरवली. लाख सगळीकडे सारखी बसली तेव्हाच थांबला. मग धूळ जाऊ नये म्हणून दोन्ही तोंडांत कापसाचे बोळे घट्ट बसवले, आणि भोकांवर मेणाचे ठिपके दाबले.

घाम थांबला.

वरून वॉर्निशचा शेवटचा हात बसला तेव्हा लाकूड काचेसारखं झालं. पडवीचे वासे, माड, बाहेरचं ऊन, सगळं त्यात लांबट होऊन दिसत होतं. त्याचं स्वतःचं तोंडही दिसलं, ओढल्यासारखं लांब.

"कुठे गेलं मुसळ?" तो मोठ्याने म्हणाला.

सोर्णम चुलीपाशी होती. तिने चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

३

दुपारी सोर्णम पडवीत शेवग्याचा पाला निवडत बसली होती. वैद्यलिंगम दुसऱ्या एका नायनमच्या कर्ण्याची कड घासत होता.

"ओसरीवर कोण निजलंय?" तिने विचारलं.

"कोणी नाही."

"श्वास ऐकू येतोय कुणाचा तरी."

"तुला धड ऐकू येतं कुठे?"

"तुमच्यापेक्षा बरं येतं. लेथच्या आवाजाने तुमचेच कान गेलेत." ती उठली, ओसरीवर डोकावून आली आणि पुन्हा बसली. मग पाला घेऊन ती खांबाच्या पलीकडच्या बाजूला सरकली, टांगलेल्या नायनमपासून लांब.

वैद्यलिंगमने वर पाहिलं.

झिलईवर एक डाग पडला होता. पांढुरका, तळहाताएवढा. थंड आरशावर कोणी तोंड नेऊन हाः केलं की पडतो तसा. हवा दमट असली की लाख पांढरी पडते. प्रत्येक पॉलिशवाला हे सांगेल. त्याने ताडाचा पंखा घेऊन वारा घातला. डाग आक्रसला आणि गेला.

तो कर्ण्याकडे वळणार, तेवढ्यात डाग परत आला.

गेला. आला.

तो पंखा खाली ठेवून बघत उभा राहिला. नको नको म्हणताना त्याचं लक्ष स्वतःच्या छातीकडे गेलं. त्याचा श्वास भरभर चालला होता. नायनमचा सावकाश. डाग यायचा, थोडा पसरायचा, कडा थरथरायच्या. मग विरायचा आणि मधे इतकी उसंत जायची की वाटावं, संपलं. आणि मग पुन्हा यायचा, ओढून आणल्यासारखा. आजारी माणसाच्या उशाशी बसलं की असंच ऐकत राहावं लागतं. तो कोणाच्या उशाशी बसला नव्हता.

त्याने बोट लावलं. झिलई टणक, सुकी. बोटाला ओल लागली नाही. डाग बोटाखालून सरकला आणि विरला.

तो वर नव्हता. झिलईच्या खाली होता.

त्याने पंचा काढून नायनमवर टाकला. मग ते मेलेल्याच्या तोंडावर टाकल्यासारखं दिसलं, म्हणून काढून घेतला. बोळे काढावेत, असं त्याच्या मनात आलं. हात पुढे गेलाही. पण वॉर्निश ताजं होतं, धूळ बसली असती. आणि उद्या सोमास्कंदन आला असता. मुसळवाल्याचा पोर. त्याला काय सांगायचं? जमलं नाही म्हणून?

हात मागे आला.

"काढा ते," खांबाआडून सोर्णम म्हणाली.

"काय?"

"जे काढायला गेला होतात ते."

"पाला निवड," तो म्हणाला.

४

सोमास्कंदन सकाळी आला आणि दारातच थबकला.

"मामा! हे तेच?" त्याने नायनम उन्हात धरलं. त्यात आपले दात बघितले आणि हसला. "अप्पा बघायला पाहिजे होते."

उन्हात झिलई अंगभर धुरकट दिसत होती, पण पोराच्या ते लक्षात आलं नाही. त्याने मेणाचे ठिपके नखाने काढले, बोळे उपसले. वरचा बोळा निथळत होता. "पाणी कसं गेलं हो यात?" म्हणत त्याने तो बाहेर टाकला आणि कनवटीची पात काढून ओठांत भिजवली.

"इथे नको वाजवू," वैद्यलिंगम म्हणाला.

"का?"

वैद्यलिंगमने नुसती मान हलवली. सोमास्कंदनला ती म्हाताऱ्याची लहर वाटली. त्याने पात बसवली, पाय रोवले आणि तोंडाला लावलं.

आवाज आला नाही.

पोराचे गाल फुगले, आणि लगेच खोल गेले. पुन्हा फुगलेच नाहीत. मानेच्या शिरा वर आल्या. डोळे वैद्यलिंगमवर खिळले आणि मोठे होत गेले. बोटं भोकांवर होती. ती उचलत नव्हती. पडवीत कसलाही आवाज नव्हता. नायनमवरचा धुरकटपणा मात्र खालून वर ओसरत चालला होता, हातभर, दीड हात, आणि मग सगळं लाकूड लख्ख, स्वच्छ, काच.

वैद्यलिंगमने नायनमला धरून हिसका दिला. पात तुटून पोराच्या ओठांत राहिली. सोमास्कंदन मटकन खाली बसला, आणि पाण्यातून वर काढल्यासारखी हवा ओढत राहिला. सोर्णमने त्याच्या पाठीवर हात फिरवला, तोंडाला पाणी लावलं.

"मी फुंकत नव्हतो," दम परतल्यावर तो म्हणाला. "आतून ओढत होतं, मामा."

"थकलायस. रात्रीचं जागरण असेल."

"नाही." त्याने नायनमकडे पाहिलं नाही. "अप्पा शेवटी ते तोंडाला लावूनच पडून असायचे. पात नाही, काही नाही. वाजवायचं बळ कुठलं? नुसता श्वास सोडायचे त्यात. काढून घ्यायला गेलो की मूठ आवळायचे. आणि मधेच विचारायचे, आसारी आला का? आम्ही म्हणायचो, येतील. मग बोलणंच बंद झालं. तरी दारात कोणी आलं की मान वळवायचे. दुसरंच कोणी दिसलं की पुन्हा तोंड नायनमला."

वैद्यलिंगमच्या हातात नायनम होतं. ते हळूहळू परत धुरकट होत होतं.

"काय सांगायचं होतं त्याला?"

"तुम्हाला सांगायचं होतं. मला कसं ठाऊक असणार? हे आसारीकडे द्या, त्याला कळेल, एवढंच म्हणाले होते. बोलणं चालू होतं तेव्हा."

"आणि तू हे आता सांगतोस?"

"तुम्ही आमच्या घरचं नाव तरी काढू देत होता का?" पोराचा आवाज चढला, मग खाली आला. "मुसळ म्हणायचे, खरं आहे. हसून म्हणायचे. पण कोणी दुसरं नायनम पुढे केलं तर हात लावायचे नाहीत. किती जणांनी नवी आणून दिली. सगळी माळ्यावर पडलीत."

तो उठला. भिंतीला धरून उंबऱ्यापर्यंत गेला. "रथाला मी माझंच वाजवीन," तो म्हणाला. "हे तुम्हीच ठेवा."

५

वैद्यलिंगमने सुरी घेतली. स्पिरिट घेतलं नाही. स्पिरिटने सगळं विरघळून गेलं असतं, आणि त्याला काहीही विरघळवायचं नव्हतं.

नायनम मांडीवर घेऊन त्याने कर्ण्याच्या बाजूने सुरीचं टोक सरकवलं. फार जोर लागला नाही. तेलावर झिलई धरलीच नव्हती, नुसती पांघरुणासारखी पडून होती. नखात धरून ओढली की लांब पट्टी सुटून यायची. तो पट्ट्या बाजूला टाकत गेला.

"अहो," सोर्णम हलकेच म्हणाली. तिने पाय वर ओढून घेतले होते.

जमिनीवर पडलेल्या पट्ट्या धुरकट होत होत्या आणि निवळत होत्या. प्रत्येक वेगळी. मोठ्या सावकाश, लहान भरभर. टोपलीतून बाहेर पडलेल्या मासळीसारख्या लहान पट्ट्या आधी थांबल्या. मग मोठ्या.

"भराभर काढू नका," ती म्हणाली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "हळू हो. हळू काढा."

बाहेरचं सगळं निघालं. लाकूड उघडं पडलं, करडं आणि कोरडं. तेलाचा काळा रंग त्यात राहिला नव्हता. वैद्यलिंगमने ते गालाला लावलं. तिथे काही नव्हतं. जे होतं ते आणखी आत होतं.

त्याने काडी घेतली, टोकाला मऊ कापड बांधलं आणि खालच्या तोंडातून आत घातली. वर सरकवत गेला, केसाएवढं, केसाएवढं. कपाळावरचा घाम डोळ्यांत उतरला तो पुसला नाही. वरच्या तोंडातून काहीतरी पिवळसर डोकावलं.

आतली लाख अख्खी सुटून येत होती. कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ नळी, मधाच्या रंगाची, नायनमएवढी लांब. सापाची कात यावी तशी ती त्याच्या तळहातावर उतरली. वजन काहीच नव्हतं. उजेडात धरली तर आरपार दिसत होतं, आणि आत धुक्याचा एक छोटासा तुकडा होता. तो एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायचा, थांबायचा, परत यायचा. तिथून बाहेर कसं पडायचं हे त्याला माहीत नसावं.

सोर्णमने हात जोडले.

वैद्यलिंगमने नळीचं वरचं टोक कानापाशी नेलं. कालव्यावर कोणी धुणं आपटत होतं. एक कावळा ओरडला. मग त्याला ते ऐकू येईनासं झालं.

आधी काहीच नाही. मग पानाचा वास. मग, कानाच्या अगदी आत, ओठ सुटल्याचा बारीक आवाज, आणि एक श्वास. बाहेर सोडलेला नव्हे, आत घेतलेला. लांब, पुरता, छाती भरून. माणूस बोलायला तोंड उघडतो, त्याआधी घेतो तो.

"बोल," वैद्यलिंगम म्हणाला. "तिरुमेणी, बोल रे. मी आलोय."

त्याने नळी कानाशी आणखी दाबली. बोटांच्या उबेने पापुद्रा ताणला गेला होता. त्यातून कर्र असा आवाज झाला. त्याने दुसरा हात खाली धरला, पण धरण्यासारखं काही उरलं नव्हतं.

धुणं आपटल्याचा आवाज परत आला.

सोर्णम पुढे सरकली. नवऱ्याच्या मुठीवर तिने हात ठेवला.

"काय म्हणाले?"

वैद्यलिंगमने मूठ उघडली. तळहातावर लाखेचा चुरा होता.

"म्हणणार होता," तो म्हणाला.